रविवारची पँट

थोरल्याने वजन कमी करायला घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात अख्ख्या बाजाराचं डोकं उठवलं.

समोरच्या बेकरीवाल्याला त्याने चारचौघांत बजावलं, "मी मागितलं तरी देऊ नकोस. पाया पडलो तरी देऊ नकोस." शेजारच्या घड्याळवाल्याला सांगून झालं, चष्मेवाल्याला सांगून झालं. मग उरली दुकानात येणारी गिऱ्हाइकं. ती बिचारी छातीभोवती टेप गुंडाळलेल्या अवस्थेत उभी असायची, हलता येत नव्हतं, त्यामुळे त्यांना सगळं पहिल्यापासून ऐकावं लागायचं. साखर म्हणजे विष. मैदा म्हणजे विष. घास बत्तीस वेळा चावायचा. रात्री उकडलेली भाजी, ती पण बिनमिठाची. "सगळा मनाचा खेळ आहे, साहेब," असं म्हणून तो आपल्या पोटावरून हात फिरवायचा आणि गिऱ्हाइकाने पुढचा प्रश्न विचारायची वाट बघायचा. गिऱ्हाईक विचारायचंच, की मास्तर, या वयात हे कुठून सुचलं? मग थोरला आवाज खाली आणायचा.

"धाकट्याला किडनी द्यायचीय. डॉक्टर म्हणाले, आधी वजन उतरवा. भावासाठी एवढं तरी करायला नको?"

गिऱ्हाइकाचे डोळे भरून यायचे. कुणी खांद्यावर हात ठेवायचं, कुणी म्हणायचं भाऊ असावा तर असा. एका बाईने तर ब्लाउज शिवायला टाकायचं सोडून त्याचे हात हातात घेतले होते.

काज-बटणाच्या टेबलामागे बसून धाकट्याची बायको हे रोज ऐकायची. दातांत दोरा धरलेला असायचा म्हणून बरं, नाहीतर तोंडातून काय बाहेर पडलं असतं याचा नेम नव्हता.

दुकान दोघा भावांचं होतं आणि घर दुकानाच्या वर. थोरला कापड बेतायचा, धाकटा मशीनवर शिवायचा, काज-बटण, तुरपाई आणि इस्त्री हिच्याकडे. बाजार त्यांना थोरले मास्तर आणि धाकटे मास्तर म्हणायचा. हिचं नाव थोरल्याने लग्न झाल्या झाल्या 'सुई' ठेवलं होतं, अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार म्हणून. तेच पुढे चिकटलं. ती त्याला तोंडावर भाऊजी म्हणायची. मनात मात्र नुसता थोरला, आणि तेही त्याची कीव आली असेल तर.

धाकट्याच्या दोन्ही किडन्यांनी हात वर केले होते. आठवड्यातून तीनदा त्याला दवाखान्यात जाऊन डायलिसिसच्या मशीनला जोडून घ्यावं लागे. परत यायचा तेव्हा चेहऱ्याचा रंग इस्त्रीखाली जास्त वेळ राहिलेल्या कापडासारखा झालेला असायचा, तरी दोन घोट चहा पिऊन शिवायला बसायचा. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, मशीनवर माणूस राहतो, पण आतून झिजत जातो, जितक्या लवकर किडनी बसेल तितकं बरं. थोरल्याची तपासणी झाली. गट जुळला, बाकी सगळं ठाकठीक, फक्त वजन जास्त. पंधरा किलो उतरवून या, मग पुढची तारीख देतो, असं म्हणाले. थोरल्याचा गट जुळल्याचं कळलं त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी हुश्श केलं. मग आणखी कुणाच्या तपासणीचा विषयच निघाला नाही.

खरं पथ्य कसं असतं ते बघायचं तर धाकट्याकडे बघावं. दिवसभराचं पाणी तो सकाळीच एका बाटलीत भरून ठेवायचा आणि त्यातच भागवायचा. मीठ बंद, फळं बंद, बटाटा खायचा तर तो आधी चिरून पाण्यात टाकलेला, मग उकडलेला, मग कशाचीच चव न राहिलेला. उन्हाळ्यात घसा कोरडा पडला की बर्फाचा खडा ओठांवरून फिरवायचा. याबद्दल त्याने कुणाला एक अक्षर सांगितलं नव्हतं. आणि शेजारी हा गडी, एक काकडी खाल्ली तरी तिची कहाणी गल्लीभर सांगून येणार. हिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

सुरुवातीला ती म्हणाली होती, घरात एक वजनकाटा आणू.

थोरल्याने नाक मुरडलं. "काटा भाजीला ठीक आहे. आपण टेलर आहोत. काटा हाडं मोजतो, पाणी मोजतो, सकाळचा चहा मोजतो. माणूस खरंच उतरला का, ते कापडालाच कळतं. कापड खोटं बोलत नाही."

आणि गंमत म्हणजे हे सगळ्यांना पटलं. हिलासुद्धा पटलं. तिघांचाही जन्म टेप आणि खडू घेऊन गेला होता. गिऱ्हाईक तोंडाने काहीही सांगो, लग्नातला कोट बसेना झाला की ते जाड झालं हे त्यांना त्याच्या आधी कळायचं. काट्यावर विश्वास ठेवायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

मग थोरल्याने स्वतःसाठी एक करडी पँट बेतली. आजच्या मापाची नाही, पंधरा किलो उतरल्यावर जे माप होईल त्याची. ते माप त्याने म्हणे अनुभवावरून काढलं. धाकट्याने ती शिवली, हिने बटण लावलं, आणि वरच्या खोलीत खिडकीशेजारच्या खिळ्यावर ती टांगली गेली. दर रविवारी सकाळी थोरला ती घालून बघणार, सगळ्यांसमोर. जिथे अडेल तिथे अडेल, पण लपवाछपवी नाही. हेही त्याने बाजारात सांगितलं, हे काही वेगळं सांगायला नको.

पहिल्या रविवारी पँट मांड्यांपाशीच थांबली. थोरला एका पायावर उड्या मारत भिंतीपर्यंत गेला आणि भिंत होती म्हणून वाचला.

"घाई नाही हां, भाऊजी," ती म्हणाली. "ऑपरेशनला एक पाय घालून गेलं तरी चालतं का, विचारू डॉक्टरांना."

थोरल्याच्या बायकोने, म्हणजे तिच्या जाऊबाईंनी, नजर फिरवून पंख्याकडे लावली. त्या स्वभावाने इतक्या गरीब की नवऱ्याच्या ताटात किती पडतं हेसुद्धा त्यांना कधी दिसलं नव्हतं.

"पुरे," धाकटा म्हणाला.

पण तिला पुरे नव्हतं. दुसऱ्या रविवारी ती म्हणाली, "थोडी वर सरकली वाटतं. का पँटच खाली बसली?" तिसऱ्या रविवारी नुसती टेप घेऊन पुढे झाली आणि मापं मोठ्याने वाचली, शेजारच्या खिडकीत ऐकू जातील अशी. थोरला घामाघूम होऊन म्हणायचा, "हाडच रुंद आहे माझं." ती म्हणायची, "हो ना, आणि त्या हाडाला लोणी लागलंय." दर रविवारी ती त्याला असा उभा सोलायची. आठवड्यातली तेवढीच एक वेळ होती जेव्हा तिला बरं वाटायचं, हे ती कबूल करायला तयार होती. तिचं म्हणणं एवढंच होतं की माझा नवरा वाळत चाललाय आणि हा माणूस फुगत चाललाय, तर मी काय आरती ओवाळू?

पण तो फुगत चाललाय हे फक्त तिला दिसत होतं. बाकीच्यांना त्याचं उकडलेल्या भाजीचं ताट दिसायचं. ते ताट खरंच उकडलेल्या भाजीचं असे आणि तो ते खरंच संपवायचाही, सगळ्यांसमोर, डोळे मिटून, हौतात्म्य पत्करल्यासारखा. त्यानंतर दुपारी दुकानात एकटा असला की काय करायचा ते तिला एका कोटाने सांगितलं.

कोट बँकेतल्या साहेबांचा होता, आतून मऊ निळं अस्तर. तुरपाईला हातात घेतला तर अस्तरावर बोटाएवढा डाग.

"हे काय, भाऊजी?"

थोरल्याने चष्मा खाली ओढून बघितलं. "मशीनचं तेल."

"मशीन तिकडे, तुमचं बेतायचं टेबल इकडे. तेल काय चालत आलं?" तिने डाग नाकापाशी नेला. "आणि व्हॅनिलाचा वास येणारं तेल हल्ली कुठे मिळतं?"

थोरला कात्रीला धार आहे का ते बघू लागला. टेबलाच्या खालच्या फळीवर, खडूच्या डब्यामागे, केकचा चुरा सापडला. खडूच्या भुकटीत मिसळलेला, पण चुराच. बेकरीवाला तर शपथेवर सांगत होता की आपण मास्तरांना महिनोन्महिने काही विकलेलं नाही. मग हा आणतो कुठून? लांबच्या बाजारात जात असणार, असा तिने तर्क केला. एवढ्या लांब चालत गेला असता तर वजन तरी उतरलं असतं, असंही ती धाकट्याला म्हणाली. धाकटा मशीनच्या सुईत दोरा ओवत राहिला.

"तुम्हाला राग कसा येत नाही हो?" तिने विचारलं.

"येतो," तो म्हणाला. "सगळ्यांचाच येतो. मग दमतो."

त्यानंतर पुढच्याच रविवारी पँट मांड्यांवरून वर गेली.

तिने डोळे बारीक केले. चुकून झालं असेल. पण त्याच्या पुढच्या रविवारी ती कमरेपर्यंत आली, नुसतं बटण लागायचं राहिलं. थोरला स्वतःच्या पोटाकडे असा बघत होता, जणू ते दुसऱ्या कुणाचं होतं. मग एके दिवशी श्वास आत ओढून, डोळे वटारून, त्याने बटण काजात घातलं, आणि ते तिथेच राहिलं. जाऊबाई रडायला लागल्या. थोरल्याने दोन्ही हात वर केले आणि खोलीभर चालून दाखवलं, वर लांब शर्ट, खाली करडी पँट.

सुईने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा पँटकडे. पोट तिला होतं तिथेच दिसत होतं. पण बटण लागलं होतं, आणि ते बटण तिने स्वतःच्या हाताने लावलेलं होतं. कापड खोटं बोलत नाही.

"शाब्बास, भाऊजी," ती म्हणाली. हे दोन शब्द म्हणताना तिला किती जड गेलं ते तिचं तिला माहीत. त्या रात्री तिने त्याच्यासाठी अंडी उकडली आणि वाढली. केकचं कदाचित एखाद्या वेळचं असेल, असं मनाशी म्हणाली. माणूस घसरतो, सावरतो. मनातसुद्धा त्याला भाऊजी म्हणायचा तो पहिलाच आठवडा. पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांची तारीख होती, आणि तारखेपर्यंत ती रोज झोपताना नवऱ्याचा हात हातात धरून ठेवायची. झालं आता, म्हणायची. सुटलात.

धाकटा छताकडे बघत पडायचा.

दवाखान्यात चौघंही गेली. थोरला करडी पँट घालूनच आला होता. ती इतकी ताणली होती की टॅक्सीत बसताना त्याने आधी देवाचं नाव घेतलं. वजनाच्या खोलीत एक पोरगेलीशी नर्स होती. तिने काट्याकडे बोट दाखवलं. थोरल्याने चपला काढल्या. मग घड्याळ काढलं. मग चष्मा. मग खिशातला टेप, किल्ल्या, रुमाल. शेवटी शर्टही काढला, आणि दाढी करायचं राहिलंय याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. मग श्वास रोखून काट्यावर चढला, जणू हवेचंही वजन धरतात.

नर्सने आकडा वाचला. कागदावरचा जुना आकडा वाचला. पुन्हा काट्याकडे बघितलं.

"मागच्या वेळेपेक्षा वाढलंय, काका."

"काटा बिघडलाय," थोरला म्हणाला.

नर्स त्याला बाजूला सारून स्वतः चढली आणि उतरली. "माझं बरोबर दाखवतोय."

"लहान वजनाला बरोबर दाखवत असेल."

सुई त्याच्या पाठीमागे उभी होती. खरं तर त्या क्षणी ती त्याच्या मानगुटीवर बसायची, पण तिची नजर दुसरीकडेच अडकली होती. शर्ट नव्हता, त्यामुळे आज पहिल्यांदाच पँटची मागची बाजू उघडी दिसत होती. महिनोन्महिने खिडकीशेजारी टांगून करडा रंग उन्हाने विटला होता. पण बरोबर मधोमध, मागच्या शिवणीच्या दोन्ही बाजूंना, कमरेपासून खाली, एक गडद पट्टी होती. कोऱ्या कापडासारखी. त्या कापडाला ऊन लागलेलं नव्हतं, कारण ते इतके दिवस शिवणीच्या आत दाबलेलं होतं.

पँट उसवून सैल केली होती.

डॉक्टर फार बोलले नाहीत. पेन खाली ठेवून थोरल्याला म्हणाले, "मास्तर, तुम्ही असेच राहिलात तर तुमचा भाऊ मशीनवरच राहील. मी तुम्हाला टेबलावर घेऊ शकत नाही." मग धाकट्याकडे वळून म्हणाले, "यादीत नाव आहेच तुमचं. पण यादी लांब आहे." थोरल्याने मान खाली घातली. टॅक्सीत मात्र त्याला पुन्हा वाचा फुटली. अंगात पाणी धरलं असेल, थायरॉइड असेल, त्या नर्सचा चेहराच मला पटला नाही. जाऊबाई रुमालाने डोळे पुसत होत्या. सुई एक शब्द बोलली नाही. ती चूप बसलीय हे बघून थोरला टॅक्सीभर तिच्यापासून लांब सरकत राहिला.

घरी आल्या आल्या ती म्हणाली, "भाऊजी, पँट काढा."

"अगं, पण..."

"काढा. धुवायची आहे."

पँट घेऊन ती खाली दुकानात आली, शटर अर्धं ओढलं, खिडकीपाशी बसली आणि पँट आतून उलटी केली. काय दिसणार ते तिला आधीच माहीत होतं. थोरल्याने मशीनला हात लावून कित्येक वर्षं झाली होती. कात्रीचा बादशहा असेल, पण सरळ शिवण त्याच्याच्याने कधी झाली नाही. त्याचे टाके म्हणजे पिऊन घरी चाललेला माणूस. ती नागमोडी शिवण वर नेऊन सगळ्यांसमोर त्याच्या नाकावर ठेवायची, जाऊबाईंसमोर, बेकरीवाल्यासमोर, वाटल्यास भर बाजारात, एवढं तिने पक्कं केलं होतं. खोटारडा. भावाच्या जिवावर पोट भरणारा ढोंगी. काय काय बोलायचं ते ओळीने ठरवून झालं होतं.

शिवण सरळ होती.

कमरेपासून खालपर्यंत एकही टाका इकडेतिकडे नाही. एकदा सैल केलेली नव्हती, थोडी थोडी करत तीनदा उसवून पुन्हा शिवलेली होती, जुन्या टाक्यांची भोकं ओळीने दिसत होती. आणि शिवण संपते तिथे दोरा कापून सोडलेला नव्हता. त्याला हाताने गाठ मारली होती, बारीक, दुहेरी. अशी गाठ हल्ली कुणी मारत नाही. बाजारात एकच माणूस मारतो. आयुष्यभर तिने त्याच गाठींवर इस्त्री फिरवली होती.

अर्ध्या शटरखालून वाकून धाकटा आत आला. तिच्या मांडीवरची पँट बघून तो दारातच थांबला. मग येऊन आपल्या स्टुलावर बसला.

"हे तुम्ही केलंत?"

"हो."

"का?"

 दवाखान्याचे जिने चढून-उतरून त्याला धाप लागली होती. "दादा माझ्याकडे आला होता. तू पहिल्यांदा टेप घेऊन मापं वाचलीस ना, त्या दिवशी. इथेच. रडला. त्याला चिरून घ्यायची भीती वाटते. रात्री झोप लागत नाही. घाबरला की खातो, खाल्लं की लाजतो, लाजला की पुन्हा खातो. म्हणाला, मी नाही म्हणू शकत नाही रे, सगळ्या बाजाराला सांगून बसलोय."

"मग?"

"मी म्हटलं, खा."

तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"खा म्हटलं. वजन उतरलं नाही तर डॉक्टरच नाही म्हणतील, तुला म्हणायला नको. केक मीच आणत होतो, दवाखान्यातून येताना. आणि पँट... दर रविवारी तू त्याला सोलत होतीस. मला बघवेना. म्हटलं निदान घरात तरी सुटेल. काटा काय तो दवाखान्यात."

"अहो, तुमचा जीव आहे तो!" ती ओरडली. "तुम्ही तिकडे सुया टोचून घेताय आणि इकडे त्या भेकडाला केक भरवताय? भेकड आहे तो!"

"आहे. मग?"

"मग काय? सख्खा भाऊ आहे तुमचा!"

"सख्खे भाऊ भेकड नसतात असं कुणी सांगितलं तुला?" तो शांतपणे म्हणाला. "इतकं घाबरून कुणी दिलेलं मला नको होतं. जन्मभर त्याच्याकडे बघताना तेच दिसलं असतं."

"मला का नाही सांगितलंत? मी त्याला..."

"काय केलं असतंस? आणखी सोललं असतंस."

ती गप्प झाली नाही. आज तिला गप्प बसायचंच नव्हतं. पुरुषांचा हा मोठेपणा, हे एकमेकांना सांभाळून घेणं, त्यात बायको विधवा झाली तरी चालेल पण भावाला लाज वाटता कामा नये. ती बोलत होती आणि तो ऐकत होता. तिचा दम संपल्यावर तो म्हणाला,

"तू डॉक्टरांसमोर कितीदा बसलीस माझ्याबरोबर?"

"दर वेळी. का?"

"दादाने किती खाल्लं, कधी खाल्लं, हे सगळं त्यांना सांगितलंस. एकदा तरी विचारलंस, माझी किडनी चालेल का म्हणून?"

तिने मांडीवरची पँट सुलटी केली, मग पुन्हा उलटी केली.

"तुम्ही कधी म्हणाला नाहीत," ती म्हणाली.

"नाही म्हणालो. मला भीती वाटत होती."

"कसली?"

"तू नाही म्हणशील याची. दादा नाही म्हणाला तर काय, तो त्याच्या खोलीत राहतो. तू नाही म्हणालीस तर मला रोज तुझ्या शेजारी झोपायचं असतं."

हे तो रागाने म्हणाला असता तर तिला सोपं गेलं असतं. रागाला तिच्याकडे तयार उत्तरं होती. पण त्याने ते माप सांगावं तसं सांगितलं, आणि तिला एकदम कळलं की हा माणूस इतके महिने छताकडे बघत पडायचा, तेव्हा काय बघायचा. तिला त्याचा राग आला. मग स्वतःचा आला, आणि तो काही केल्या जाईना.

"विचारा आता," ती म्हणाली.

"राहू दे."

"विचारा म्हणते ना!"

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. मशीनच्या चाकावर हात ठेवून, चाकाकडे बघत म्हणाला, "देशील?"

आयुष्यात तिला कधी शब्द शोधावा लागला नव्हता. आज तिने शोधला. गट जुळणार नाही म्हणावं, तर तो कुणी बघितलाच नव्हता. वय म्हणावं, तर भाऊजी तिच्याहून मोठे. दुकान कोण बघेल म्हणावं, तर इतके दिवस कोण बघत होतं?  टेबल, दिवे, तोंडावर मास्क लावलेली माणसं, आणि आपलं हे एवढंसं शरीर त्यांच्यासमोर उघडं. वजन तर तिचं कधी वाढलंच नव्हतं. उतरवायला काही नव्हतं, मागे लपायलाही काही नव्हतं. त्या क्षणी तिला वर बसलेल्या त्या अगडबंब माणसाचा चक्क हेवा वाटला.

"भीती वाटते मला," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला त्याचीच चीड आली. "खूप वाटते."

"माहीत आहे."

"तुम्हाला काही माहीत नाही." तिने हाताच्या पाठीने नाक पुसलं. "उद्या सकाळी जाऊ. माझं रक्त बघू दे त्यांना. पुढचं पुढे. आणि मध्ये माघार घ्यायला लागले तर मला केक आणून द्यायचा नाही, सांगून ठेवते. ओढत न्यायचं."

धाकट्याने चाकावरचा हात उचलला आणि तिच्या हातावर ठेवला.  

वरून थोरल्याची हाक आली, "सुई! अगं, जेवायला या, सगळे थांबलेत." आवाजात साखर घोळली होती.

ती उठली, डोळे कोरडे केले, दोनदा. जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून नवऱ्याला दबक्या आवाजात म्हणाली, "मी घाबरले हे त्याला सांगू नका. मरेन मी लाजेने."